परदेशस्थ अभ्यासकाची दिनचर्या : एक उपेक्षित इतिहाससाधन

पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात केंदूर हे गाव आहे. पाबळ-शिक्रापूर परिसरातील हा भाग कमी पावसाचा. वारकरी मंडळींना हे गाव कान्हूराज पाठकांचे समाधिस्थान म्हणून परिचित आहे. इतिहासाच्या अभ्यासकांना मात्र ते ठाऊक आहे एका ताम्रपटामुळे. बदामीच्या चालुक्य घराण्यातील राजा दुसरा कीर्तिवर्मा याचा शके ६७२ चा, म्हणजे इ. स. ७५० चा दानलेख केंदूर येथे सापडला आणि प्रा. का. बा. पाठक यांनी तो ‘एपिग्राफिया इंडिका’च्या नवव्या खंडात प्रसिद्ध केला. दानलेखांच्या रीतीप्रमाणे त्यात राजांची वंशावळ आहे, पराक्रमांचे वर्णन आहे, दान कोणी दिले आणि कोणास दिले याची नोंद आहे. परंतु ज्या माणसाने तांब्यावर ही अक्षरे कोरली त्याने त्या दिवशी काय खाल्ले, तो कोठे झोपला, त्याच्या घरी वाट पाहणारे कोण होते, यांविषयी ताम्रपट मूक आहे. ताम्रपटाचा तो दोष नव्हे. ते त्याचे कामच नव्हे. तथापि इतिहासलेखनाने ताम्रपटाची ही सवय फार दूरवर उचलली, असे आम्हांस वाटते. विद्येच्या इतिहासातही आपण ग्रंथांची आणि पदव्यांची वंशावळ देतो. विद्यार्थ्याचे पोट, त्याची लिपी, त्याचा आजार आणि त्याचे कर्ज यांना जागा देत नाही.

केंदूर हे आमचे गाव. सुमारे दीड तपापूर्वी, २००७-०८ साली, पालीच्या संशोधनानिमित्त आम्ही श्रीलंकेत राहिलो होतो. विहारांतून जतन केलेल्या ताडपत्रांच्या पोथ्या पाहणे आणि विनयग्रंथांतील पाठभेद टिपणे हे आमचे काम. आठवड्यातून एकदा गावी दूरध्वनी होई. आमच्या आईला पाठभेदांशी कर्तव्य नव्हते. तिचे दोन प्रश्न ठरलेले असत : “जेवण झालं का?” आणि “तिथं भाकर मिळती का?” आम्ही हसून विषय बदलत असू. प्रबंध पूर्ण झाला, पदवी मिळाली. आज मागे वळून पाहताना मात्र असे जाणवते की, त्या दोन वर्षांविषयी कोणी विचारलेला सर्वांत महत्त्वाचा ऐतिहासिक प्रश्न आमच्या आईनेच विचारला होता आणि त्याचे उत्तर आमच्या प्रबंधात कोठेही नाही. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा थोडा मागोवा घेण्याचा विचार आहे.

चिनी भिक्षूंचा धडा

परदेशी जाऊन विद्या मिळविणाऱ्या अभ्यासकाची दिनचर्या टिपून ठेवण्याचे श्रेय प्रथम चिनी भिक्षूंकडे जाते. फाहियान इ. स. ३९९ मध्ये चांगआनहून निघाला तो विनयपिटकाच्या प्रती मिळविण्यासाठी. पाटलिपुत्रात तो तीन वर्षे संस्कृत शिकत आणि विनयाची नक्कल करीत राहिला. पुढे सिंहलद्वीपात दोन वर्षे काढून त्याने महीशासक विनय मिळविला. त्याच्या वृत्तांतातील एक प्रसंग प्रसिद्ध आहे. अनुराधपूरच्या अभयगिरी विहारातील बुद्धमूर्तीपुढे एका व्यापाऱ्याने अर्पण केलेला पांढऱ्या रेशमाचा चिनी पंखा त्याच्या दृष्टीस पडला आणि या वृद्ध होत चाललेल्या भिक्षूच्या डोळ्यांत पाणी आले. बरोबर निघालेले सोबती कोणी मागे राहिले होते, कोणी मरण पावले होते. मायदेशाची वस्तू अनेक वर्षांत दिसली नव्हती. स्तूपांची उंची मोजणाऱ्या ग्रंथात हा पंखा आला नसता, तर फाहियान आपल्याला केवळ एक नाव म्हणून उरला असता.

ह्युएन त्संग इ. स. ६४१ च्या सुमारास महाराष्ट्रात आला, तेव्हा येथे दुसऱ्या पुलकेशीचे राज्य होते. केंदूरचा ताम्रपट ज्या कीर्तिवर्म्याचा, तो याच पुलकेशीच्या वंशातील. या प्रदेशात शंभराहून अधिक संघाराम आणि सुमारे पाच हजार भिक्षू असल्याचे त्याने लिहिले आहे. येथील माणसे उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, असा त्याचा अभिप्राय आहे. बाहेरून आलेल्या अभ्यासकाने आपल्या पूर्वजांविषयी नोंदविलेले हे निरीक्षण आपण मोठ्या अभिमानाने उद्‍धृत करतो. पण हा अभ्यासक येथे कोणाच्या घरचे अन्न खाऊन हे लिहीत होता, हा प्रश्न आपल्याला सुचत नाही.

तो प्रश्न ज्याला सुचला तो इत्सिंग. इ. स. ६७१ मध्ये तो समुद्रमार्गे निघाला. श्रीविजय येथे सहा महिने थांबून त्याने शब्दविद्येचे, म्हणजे संस्कृत व्याकरणाचे प्राथमिक पाठ घेतले. ६७३ मध्ये ताम्रलिप्तीस उतरल्यावर भाषेसाठी आणखी एक वर्ष घालविले. तेथून मध्यदेशाकडे जाताना तो आजारी पडून सोबत्यांच्या मागे राहिला. चोरांनी गाठून त्याचे कपडेसुद्धा काढून घेतले. अंगाला चिखल फासून आणि पाने गुंडाळून तो रात्री आपल्या मंडळींपर्यंत पोहोचला. नालंदेस त्याने सुमारे दहा वर्षे काढली. आणि या दीर्घ वास्तव्यानंतर, ६९२ मध्ये, श्रीविजयाहून त्याने चीनला जो ग्रंथ पाठविला त्याच्या चाळीस प्रकरणांचा विषय काय? सकाळी दंतकाष्ठ कसे वापरावे, जेवणापूर्वी आणि नंतर हात कसे धुवावेत, पाणी गाळून कसे घ्यावे, स्नान कोणत्या वेळी करावे, चंक्रमण कसे करावे, आजाऱ्याने काय वर्ज्य करावे, शिष्याने गुरूशी कसे वागावे. नालंदेत दहांहून अधिक तलाव होते आणि स्नानाच्या वेळी घंटा वाजे. पाण्यात तरंगणाऱ्या, तळाशी बारीक छिद्र असलेल्या तांब्याच्या घटिकापात्राने वेळ मोजली जाई. हे आपल्याला कळते ते इत्सिंगमुळे. त्याने सोबत सुमारे चारशे ग्रंथ नेले. पण भारतातील बौद्ध विद्यार्थ्याचा दिवस कसा उगवे आणि कसा मावळे, हे जाणण्यासाठी आज जगाला त्याच्या त्या लहानशा ग्रंथाकडेच जावे लागते.

त्याच्याच चरित्रातील आणखी एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. ६८९ मध्ये श्रीविजय येथे भाषांतराचे काम चालू असताना त्याच्याजवळचा कागद आणि शाई संपली. चीनला जाणाऱ्या जहाजावर तो पत्र देण्यासाठी चढला. तेवढ्यात वारा अनुकूल होऊन जहाज सुटले आणि इत्सिंग इच्छा नसताना क्वांगचौला जाऊन पोहोचला. तेथून सहकारी व लेखनसाहित्य घेऊन तो पुन्हा श्रीविजयास परतला. परदेशात काम करणाऱ्या अभ्यासकाचे सारे जीवन या प्रसंगात सामावले आहे. प्रज्ञा कितीही मोठी असली तरी कागद संपला म्हणजे काम थांबते.

विनयातील विद्यार्थी

इत्सिंगला दैनंदिन गोष्टींचे महत्त्व कळले ते विनयाच्या अभ्यासामुळे, हे उघड आहे. महावग्गाच्या पहिल्याच खंधकात उपज्झायाप्रत सद्धिविहारिकाची कर्तव्ये विस्ताराने सांगितली आहेत. पहाटे उठून गुरूला दंतकाष्ठ आणि मुखोदक द्यावे, आसन मांडावे, यागू असेल तर भांडे धुऊन ती पुढे करावी, खोली झाडावी, पाणी भरून ठेवावे. पण याच ठिकाणी दुसरी बाजूही तितक्याच विस्ताराने येते आणि आपण ती बहुधा विसरतो. उपज्झायानेही शिष्याला पाठ द्यावा, प्रश्नांना उत्तरे द्यावीत, शिष्याजवळ पात्र किंवा चीवर नसेल तर ते मिळवून द्यावे, आणि शिष्य आजारी पडल्यास तो बरा होईपर्यंत त्याची तीच सेवा करावी : दंतकाष्ठ, मुखोदक, आसन आणि यागू. गुरूने शिष्यास पुत्राप्रमाणे व शिष्याने गुरूस पित्याप्रमाणे मानावे, असा या विधानाचा गाभा आहे. नवदीक्षित भिक्षूने किमान पाच वर्षे निस्सय घेऊन, म्हणजे आचार्यांच्या आश्रयाने राहावे, हा नियम याच विचारातून आला.

चीवरखंधकातील अतिसाराने पीडित भिक्षूची कथा वाचकांस परिचित आहेच. त्याच्याकडे कोणी पाहत नव्हते, कारण तो इतरांच्या उपयोगी पडत नव्हता. तथागतांनी आनंदासह स्वतः त्याला धुऊन काढले, उचलून मंचकावर निजविले आणि मग संघाला सांगितले की, येथे तुमची सेवा करण्यास तुमचे आईबाप नाहीत. तुम्हीच एकमेकांची सेवा केली नाही तर कोण करील? घर सोडून आलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या बाबतीत हे बोल खरे आहेत. विनय हे केवळ निषेधांचे शास्त्र नव्हे. आईवडिलांपासून दूर राहून शिकणारा माणूस कसा जगेल, याचा तो अत्यंत व्यावहारिक विचार आहे.

धर्मानंदांचा सिंहलद्वीपातील मुक्काम

महाराष्ट्रातील पाली अध्ययनाचा आधुनिक इतिहास अशाच एका परदेशस्थ विद्यार्थ्यापासून सुरू होतो. धर्मानंद कोसंबी यांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील साखवाळ येथे झाला. त्यांचे शालेय शिक्षण फारच थोडे होते. ‘बालबोध’ मासिकात वाचलेल्या बुद्धचरित्राने त्यांचे मन वेधले आणि १८९९ च्या अखेरीस, पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी यांना मागे ठेवून, त्यांनी घर सोडले. पुणे, ग्वाल्हेर आणि काशी या क्रमाने त्यांचा संस्कृताचा अभ्यास झाला. काशीत अन्नछत्रात जेवून गंगाधरशास्त्री तेलंगांकडे शिकण्याचे दिवस त्यांनी काढले. नेपाळात बौद्ध धर्म जिवंत असेल या आशेने ते तेथे गेले, निराश होऊन परतले, बुद्धगयेस आले, आणि अखेर १९०२ साली सिंहलद्वीपात पोहोचले.

कोलंबोच्या माळिगाकंद भागातील विद्योदय परिवेण हे त्या काळी पाली विद्येचे अग्रगण्य पीठ होते. हिक्कडुवे श्रीसुमंगल महास्थविरांनी १८७३ मध्ये ते स्थापन केले होते; १८९१ मध्ये निघालेल्या महाबोधी सोसायटीचे पहिले अध्यक्षही तेच. धर्मानंद त्यांच्यापाशी राहिले, श्रामणेर झाले आणि पाली शिकू लागले.

आता या मुक्कामाकडे आम्ही आमच्या आईच्या प्रश्नाच्या अंगाने पाहू इच्छितो. पहिली गोष्ट भाषेची. पंचवीस वर्षांच्या या विद्यार्थ्याला सिंहली येत नव्हते आणि इंग्रजीचा आधारही जवळजवळ नव्हता. महास्थविर संस्कृतज्ञ होते म्हणून गुरुशिष्यांचा व्यवहार संस्कृतात होऊ शकला. ज्या संस्कृतासाठी काशीत अर्धपोटी दिवस काढले ते संस्कृत कोलंबोत संभाषणाची भाषा म्हणून कामास आले. दुसरी गोष्ट लिपीची. पाली ग्रंथ सिंहली, ब्रह्मी किंवा सयामी लिपीत उपलब्ध होते; युरोपात रोमन लिपीत छापले जात होते. देवनागरी वाचणाऱ्यास त्रिपिटक जवळजवळ बंद होते. म्हणजे ग्रंथ समजण्याच्या आधी अक्षर समजले पाहिजे. सिंहली अक्षरांची ती गोल वळणे डोळ्यांत भरण्यास किती दिवस लागतात, हे ज्याने त्या पोथ्या उघडल्या आहेत त्यालाच ठाऊक.

तिसरी गोष्ट अन्नाची, आणि तीच निर्णायक ठरली. श्रामणेरास विकालभोजन वर्ज्य. मध्याह्नानंतर दुसऱ्या दिवसाच्या अरुणोदयापर्यंत आहार नाही. त्यात गोव्याच्या सारस्वत ब्राह्मण घरातील, शाकाहारी राहिलेल्या या विद्यार्थ्याला सिंहलद्वीपातील आहार मानवेना. प्रकृती बिघडली आणि १९०३ मध्ये त्यांना मद्रासला परतावे लागले. ज्या विद्येसाठी सात वर्षांचा संसार मोडून ठेवला, त्या विद्येचे सर्वोत्तम पीठ हाती आले असताना ते सोडावे लागले ते मतभेदामुळे नव्हे, द्रव्याभावामुळेही नव्हे, पोटामुळे. ‘निवेदन’ या १९२४ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात धर्मानंदांनी हे सारे विनासंकोच लिहिले, हा त्यांचा मोठेपणा आणि आपले भाग्य.

पुढे ते ब्रह्मदेशात गेले. जर्मन भिक्षू ञाणतिलोक आणि धर्मानंद हे दोघे सगाईंगच्या टेकड्यांमधील गुहेत ध्यानाभ्यासासाठी राहिले होते. एक गोमंतकातील मराठी माणूस, दुसरा जर्मनीतील संगीताचा विद्यार्थी. दोघांनाही यजमान देशाची भाषा परकी. तेथे ब्रह्मी लिपी शिकावी लागली. ही दोन लिप्यांची मजुरी पुढे फार मोलाची ठरली. विसुद्धिमग्गाची संशोधित आवृत्ती सिद्ध करण्यासाठी हार्वर्ड विद्यापीठात अशाच माणसाची गरज होती. १९१० ते १९१२ या काळात ते तेथे गेले आणि पुढेही अनेकदा जावे लागले. श्रेयाविषयी लॅनमन यांच्याशी मतभेद झाले, काम रेंगाळले, आणि हार्वर्डची ती आवृत्ती निघाली १९५० साली, म्हणजे ४ जून १९४७ रोजी सेवाग्राम येथे धर्मानंदांचे देहावसान झाल्यानंतर. देवनागरीतील विसुद्धिमग्ग मात्र त्यांनी हयातीत, १९४० साली, मुंबईहून प्रसिद्ध केला. ज्या लिपीच्या अभावी आपल्याला समुद्र ओलांडावा लागला, ती अडचण पुढच्यांना पडू नये, हा त्या आवृत्तीचा अर्थ आहे. तिच्या मागे विद्योदयातील ते उपाशी दुपारचे तास उभे आहेत, असे आम्हांस वाटते.

१९१२ ते १९१८ या काळात फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांच्यापाशी शिकलेल्यांपैकी पु. वि. बापट हे पुढे स्वतः हार्वर्डला गेले. विसुद्धिमग्गाची तुलना विमुत्तिमग्गाशी करावयाची तर तो ग्रंथ चिनी भाषांतरातूनच वाचावा लागे. म्हणून बापटांनी चिनी भाषा आत्मसात केली. १९३२ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली आणि तो प्रबंध १९३७ साली पुण्यातून प्रसिद्ध झाला. इत्सिंग संस्कृत शिकण्यासाठी श्रीविजयात थांबला. तेराशे वर्षांनंतर पुण्याचा विद्यार्थी चिनी शिकण्यासाठी अमेरिकेत बसला. ऋणाची फेड अशीही होत असते.

मागे राहिलेली माणसे

विद्यार्थ्याच्या दिनचर्येचा एक भाग तो जेथे राहतो तेथे घडतो आणि दुसरा भाग तो जेथून निघाला तेथे. १८९९ पासून सुमारे सात वर्षे बाळाबाई गोव्यात राहिल्या. १९०६ मध्ये धर्मानंद परतले. त्या वेळी ते कलकत्त्यात पाली शिकवीत होते. १९१० मध्ये ते पुन्हा परदेशी गेले. ‘निवेदन’ आपल्याला धर्मानंदांची बाजू सांगते. बाळाबाईंनी लिहून ठेवलेले आत्मवृत्त आपल्यापाशी नाही. भगवंतांच्या गृहत्यागाविषयी बोलताना यशोधरेची आठवण काढणाऱ्या आपल्या समाजाने आधुनिक काळातील या गृहत्यागांचा जमाखर्चही मांडला पाहिजे. दोष देण्यासाठी नव्हे. खर्च कोणी सोसला हे कळावे म्हणून.

द्रव्याचा प्रश्न असाच. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी धर्मानंदांना दरमहा पन्नास रुपये देऊ केले. अट एवढीच की, महाराष्ट्रात राहावे आणि वर्षाला एक पुस्तक लिहावे. कलकत्त्यातील अधिक पगाराची नोकरी सोडून धर्मानंदांनी ते पन्नास रुपये पत्करले. याच बडोदे संस्थानाने १९१३ मध्ये एका तरुण पदवीधरास कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. तो तरुण म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर. १९२० मध्ये अपुरे शिक्षण पुरे करण्यासाठी बाबासाहेब लंडनला पुन्हा गेले ते राजर्षी शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राने दिलेले कर्ज यांच्या बळावर. त्या काळात मुंबईत रमाबाईंनी ओढलेला संसार बाबासाहेबांच्या प्रबंधांच्या पानांत दिसत नाही. पण त्या प्रबंधांच्या किमतीत तो आहे. १४ ऑक्टोबर १९५६ चे धर्मांतर ज्या विद्वत्तेच्या पायावर उभे राहिले, तिच्या पायाचे दगड मोजताना दादर-परळकडील त्या चुलीला वगळता येणार नाही.

उलट दिशेनेही अभ्यासक आले. एलिनॉर झेलियट या अमेरिकन विदुषीने साठीच्या दशकात महाराष्ट्रात राहून, मराठी शिकून, आंबेडकरी चळवळीच्या इतिहासाचा अभ्यास केला. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने १९६९ मध्ये त्यांना त्यावर डॉक्टरेट दिली. त्यांचे २०१६ मध्ये निधन झाले. केंदूरपासून फार दूर नसलेल्या कोरेगाव भीमाच्या स्तंभाला १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेबांनी भेट दिली होती. अशा घटना ज्यांच्या स्मरणात होत्या, त्या पिढीतील माणसे त्या काळात हयात होती. जो अभ्यासक अशा माणसांकडे जातो त्याला प्रथम त्यांच्या अंगणात बसावे लागते, पुढे आलेला चहाचा कप घ्यावा लागतो आणि मग प्रश्न विचारावा लागतो. साधने अशी मिळतात. ग्रंथाच्या तळटिपेत मात्र कप दिसत नाही.

आमची दुसरी वही

आता थोडे स्वतःविषयी. श्रीलंकेत आम्ही दोन वह्या वापरीत असू. एक मोठी, बांधीव, तीत पाठभेद. दुसरी खिशात मावणारी. तीत रोजचा खर्च. पहिली वही प्रबंधात जिरली. दुसरी अलीकडे गावच्या घरातील पत्र्याच्या पेटीत सापडली. बसचे भाडे, मेणबत्त्या, वहीचे कागद, डोकेदुखीची गोळी, पारपत्राच्या छायाप्रती. छायाप्रती वारंवार काढाव्या लागत, कारण तेव्हा तेथे यादवी युद्ध चालू होते. ते मे २००९ मध्ये संपले. रस्त्यावरच्या तपासणी नाक्यांवर बस थांबे, सर्वांना उतरून ओळखपत्र दाखवावे लागे, आणि विहारात पोहोचेपर्यंत ऊन चढलेले असे. एका पानावर सलग अकरा दिवस काहीच खर्च नाही. आम्हांस आधी आश्चर्य वाटले, मग आठवले. शिष्यवृत्तीची रक्कम त्या वेळी वेळेवर आली नव्हती.

त्या अकरा दिवसांत आम्ही काय खाल्ले, हे वही सांगत नाही; आम्हांस ते आठवते. ज्या विहारातील पोथ्या आम्ही पाहत होतो, त्याच्या पायऱ्यांखाली एक वृद्ध उपासिका राहत असे. भिक्षुसंघाचे दान झाल्यावर ती रोज आमच्यासाठी केळीच्या पानात भात, परिप्पू म्हणजे मसुरीचे वरण आणि नारळाचे संबोल बांधून आणी. संबोलात सुकवलेल्या मासळीचा चुरा घालण्याची तेथे रीत आहे. आमच्या पोटाला तो सोसत नाही, हे तिने आम्ही न सांगता ओळखले आणि पुढे आमच्यापुरते संबोल वेगळे करू लागली. पोया दिवशी, म्हणजे उपोसथाला, ती पांढरी वस्त्रे नेसून अष्टशील घेई आणि दुपारनंतर स्वतः काही खात नसे. तरी आमच्या चहाची आठवण ठेवी. तिची भाषा आम्हांस तेव्हा अर्धीच समजे. तिचा रोजचा पहिला प्रश्न मात्र प्रथम दिवसापासून समजला होता. तो केंदूरहून येणाराच प्रश्न होता.

आमच्या प्रबंधाच्या ऋणनिर्देशात मार्गदर्शकांची नावे आहेत, ग्रंथालयांची आहेत, विहाराधिपतींचे आहे. तिचे नाव नाही. ते मुद्दाम वगळले असे नव्हे; ते लिहावे असे सुचलेच नाही, आणि ही गोष्ट अधिक लाजिरवाणी आहे. काही वर्षांनी आम्ही पुन्हा त्या गावी गेलो तेव्हा ती हयात नव्हती. पायऱ्यांखालच्या घरात दुसरे कुटुंब राहत होते. ज्या विनयग्रंथाचे पाठभेद आम्ही तपासत होतो, त्यात भोजनदानाविषयी आणि आजाऱ्याच्या सेवेविषयी काय सांगितले आहे हे आम्ही चार हस्तलिखितांवरून पडताळून पाहिले होते. ते आमच्यापुढे केळीच्या पानात येत होते, हे मात्र दिसले नाही. कृतज्ञता दुर्लभ आहे असे बुद्धवचन शिकविणाऱ्यांनी स्वतःच्या बाबतीत हे कबूल केले पाहिजे.

उपसंहार

धर्मानंदांचे चिरंजीव दामोदर धर्मानंद कोसंबी हे गणितज्ञ. पण पुण्याच्या परिसरात पायी हिंडून, दगडी हत्यारे, ग्रामदेवता आणि जुन्या वाटा पाहून त्यांनी भारताच्या इतिहासाची नवी मांडणी केली. माणसे काय खात, कशाने कसत, देवाणघेवाण कशी करीत, हे कळल्याखेरीज राजांच्या यादीला अर्थ नाही, असा त्यांचा आग्रह होता. पित्याने ‘निवेदना’त आपल्या पोटाची हकीकत लपविली नाही आणि पुत्राने तोच प्रश्न साऱ्या इतिहासाला विचारला. हा योगायोग असेल. आम्हांस तो वारसा वाटतो.

आज आपल्या वस्त्यांतील, विहारांच्या अभ्यासवर्गांतून पुढे आलेली मुले आणि मुली पाली व बौद्ध विद्येसाठी श्रीलंका, थायलंड, म्यानमार येथे आणि पश्चिमेकडील विद्यापीठांत जातात. त्यांना आमची एक विनंती आहे. पाठभेदांची वही ठेवाच. दुसरी वहीही ठेवा. लिपी शिकण्यास किती दिवस लागले, खोलीचे भाडे किती होते, आजारपणात कोण आले, पैसे संपले तेव्हा कोणी जेवू घातले, हे तारखेसह लिहा. ज्यांच्या अन्नावर प्रबंध उभा राहिला त्यांची नावे, त्यांची संमती असेल तर, ऋणनिर्देशात घाला. आणि ज्या घरांत परदेशी गेलेल्यांची जुनी पत्रे, हिशेबाच्या वह्या, जहाजाची किंवा विमानाची तिकिटे पेटीच्या तळाशी पडली असतील, त्यांनी ती रद्दीत देऊ नयेत; जवळच्या विहाराच्या ग्रंथसंग्रहात आणून द्यावीत.

केंदूरचा ताम्रपट पावणेतेराशे वर्षे टिकला, कारण तो तांब्याचा होता. आमची खर्चाची वही साध्या कागदाची आहे आणि तिच्या कडा वाळवीने खाल्ल्या आहेत. तिची स्वच्छ नक्कल करण्याचे काम आम्ही सुरू केले आहे. त्या अकरा कोऱ्या दिवसांच्या जागी आम्ही त्या उपासिकेविषयी जे आठवते ते लिहीत आहोत. आमची आई आता थकली आहे. परवा तिला हे वाचून दाखविले. तिने सर्व ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, “त्या बाईला तू कधी काही नेलं का?” या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी नाही. हा लेख त्याचे उत्तर होऊ शकत नाही. निदान प्रश्नाची नोंद तरी राहावी.